नाव घातलेलं ताट

१

सखाराम सकपाळने जन्मात एकाच पिक्चरवर जीव लावला, आणि तोही अर्धाच बघितलेला.

१९८७ साली पोफळीला वीजघराच्या कॉलनीत कुठल्याशा फिल्म क्लबने तो आणला होता. इटलीतला, जुन्या काळचा, ऐतिहासिक. हॉलमध्ये चादर बांधली होती, मशीन घरघरत होतं, आणि ऐन जेवणाच्या प्रसंगात रीळ तुटलं. मशीनवाल्याने हात वर केले. लोक शिट्ट्या मारत घरी गेले. सखाराम मात्र रिकाम्या चादरीकडे बघत बसून राहिला. त्या जेवणाचं पुढे काय झालं हे त्याला अडतीस वर्षं कळलं नाही. वीजघरातली नोकरी संपली, रत्नागिरीत मांडवीला समुद्राच्या अंगाला तीन खोल्यांचं घर झालं, गुडघे कुरकुरायला लागले, तरी ती रुखरुख काही गेली नाही. शेवटी पुण्याला असलेल्या प्रज्ञेशने, म्हणजे त्याच्या मुलाने, बापाच्या सत्तरीला खोकं पाठवलं. त्यात ब्लू-रेचा प्लेअर होता आणि तोच पिक्चर, नव्याने धुऊनपुसून काढलेला.

पहिल्यांदा तो पूर्ण बघितला तेव्हा सखाराम रडला. प्रभावतीने, त्याच्या बायकोने, ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून भाजी निवडत राहिली.

गोष्ट तशी साधी आहे. चारशे वर्षांपूर्वी एका तटबंदीच्या गावाला वेढा पडलाय. सरदार मदत आणायला बाहेर गेलाय आणि त्याची बायको, डचेस, आत गढी राखून आहे. अन्न संपत चाललंय. पण रोज ठरल्या वेळी लांबलचक टेबलावर पांढरीशुभ्र चादर अंथरली जाते, मेणबत्त्या लागतात, चांदीची ताटं मांडली जातात आणि सगळे नटूनथटून जेवायला बसतात. पहिल्या दिवशी भाजलेला मोर असतो. मग डाळ, मग उकडलेलं चामडं. आणि एके दिवशी नोकर रिकामं तबक घेऊन येतो, नेहमीसारखाच वाकतो, आणि प्रत्येकजण त्या रिकाम्या तबकातून अदबीने वाढून घेतो. टेबलाच्या टोकाला सरदाराची खुर्ची तेवढी मोकळी. हा जेवणाचा प्रसंग एकोणीस मिनिटांचा, त्यात बोलणं म्हणून सात वाक्यं. बाकी नुसते आवाज. सुरी ताटावर घासते, रेशीम सळसळतं, मेण टपकतं.

"दुसरा कोण डायरेक्टर असता तर भूक दाखवायला पोटावर हात धरायला लावलान असता," सखाराम बायकोला सांगायचा. "ह्याने बघ, सगळ्यांना ताठ बसवलान. केस विंचरून. म्हणून आपल्याला बघवत नाय."

त्या प्रसंगाच्या बाराव्या मिनिटाला डचेस रिकाम्या ताटावरून नजर उचलते आणि सरळ आपल्याकडे बघते. दोन श्वास. मग दाराकडे वळते. अख्ख्या पिक्चरमध्ये कॅमेऱ्यात कुणी बघतं ते तेवढंच. काय ते डोळे, आणि काय ती हिंमत दिग्दर्शकाची! सखारामला दर वेळी वाटायचं, ह्या बाईला ह्या बाजूला काय दिसत असेल?

२

रविवारी अख्खा पिक्चर, इतर दिवशी फक्त जेवणाचा प्रसंग, असा त्याने नेम धरला. दुपारी साडेबाराला पडदे ओढायचे, टीपॉयवर ताट घ्यायचं, उजव्या हाताच्या खुर्चीवर प्रभावती. एकोणीस मिनिटांत ह्यांचंही जेवण आटपायचं. तेहेतीस वर्षं दर तासाला मीटर वाचून नोंदवहीत आकडे भरलेला माणूस तो. त्याला नेमाशिवाय घास गिळवत नव्हता.

त्या मंगळवारी कर्लीचं कालवण होतं. सखारामने भात कालवला, घास उचलला, आणि नेमकी डचेस बघायला लागली. इतक्या दिवसांत जे झालं नव्हतं ते झालं, तो ओशाळला. उपाशी माणूस समोर बसलेला आणि आपण ओरपतोय! तोंडातून आपसूक गेलं, "या, जेवायला."

प्रभावतीला हसून ठसका लागला. "अवो, ती चारशे वर्सांमागची! आणि तिला कर्ली घालणार? घशात काटा अडकायचा बायच्या."

आता हे काही खरं आमंत्रण नव्हे, हे आपल्याकडे पोरालासुद्धा कळतं. जेवताना कुणाची नजर पडली की आपण म्हणायचं, या जेवायला. समोरच्याने म्हणायचं, होऊ द्या. मग तो त्याच्या वाटेने आणि आपण आपल्या घासाला. पोस्टमन होऊ द्या म्हणतो, शेजारचा धोंडू म्हणतो, वीजबिल टाकायला आलेला माणूसही म्हणतो. पण ही रीत ज्याला ठाऊक आहे त्यालाच ठाऊक.

सखाराम हसला आणि घास तोंडात घातला. डचेसला त्या दिवशी दाराकडे वळायला अंमळ उशीर लागला असं त्याला वाटलं. पण अशा गोष्टींना मीटर नसतो.

३

गुरुवारी सकाळी एक वाटी सापडेना.

वाटी म्हणजे साधी स्टीलची. पण तिच्यावर नाव होतं. कॉलनीत कुणाच्या घरी कार्य निघालं की दहा घरांची भांडी गोळा व्हायची, म्हणून जो तो आपल्या भांड्यावर नाव घालून घ्यायचा. सकपाळांच्या घरातल्या झाऱ्यापासून पिंपापर्यंत सगळ्यावर टिंबाटिंबांची अक्षरं होती. प्रभावतीला त्यातलं एक भांडं कमी झालं तरी चैन पडत नसे. तिने मांडणी दोनदा उतरवली.

दुपारी सखारामला ती वाटी दिसली. डचेसच्या डाव्या हाताला, चांदीच्या दोन पेल्यांच्या मधे.

त्याने पिक्चर थांबवला. जपून गुडघे टेकून टीव्हीपुढे बसला आणि पेपर वाचायचं भिंग लावलं. मेणबत्तीच्या उजेडात कड चमकत होती, आणि कडेखाली टिंबांनी 'सकपा' एवढं दिसत होतं. पुढचं वळणाआड गेलेलं.

वीजघरातल्या त्याच्या वरिष्ठांनी त्याला शिकवलं होतं, विचित्र आकडा आला तर आधी मीटर तपास, मग तारा तपास, मग स्वतःचे डोळे. त्याने तसंच केलं. टीपॉय बाजूला सारला, म्हणजे आपल्याच भांड्याचं प्रतिबिंब नको. खिडकीच्या फटीला टॉवेल लावला. चष्मा पुसला. डिस्क पुसली. वाटी होती तिथेच होती.

मग त्याने प्रज्ञेशला फोन लावला. "तुझ्याकडे तो पिक्चर आहे ना कॉम्प्युटरवर? जेवणाचा प्रसंग लाव, त्याच्या बाराव्या मिनिटाला थांबव आणि बघ, बाईच्या डाव्या हाताला काय आहे."

थोड्या वेळाने प्रज्ञेश म्हणाला, "मीठदाणी आहे, बाबा. चांदीची. का हो?"

"काय नाय," सखाराम म्हणाला. "कारागिरी बघत होतो."

त्याने फोनने टीव्हीचा फोटोही काढून पाहिला. फोटोत नुसता उजेडाचा गोळा आला. तेव्हा प्रत वेगळी निघाली असेल, असं म्हणून त्याने स्वतःची समजूत घातली. साफसफाई करणाऱ्यांनी तिकडे काय भरलं असेल कुणी सांगावं! पण मघाशी आणखी एक गोष्ट त्याच्या नजरेत आली होती, ती त्याने मुलाला सांगितली नाही. डचेसचं ताट रिकामं नव्हतं. ती काहीतरी चावत होती. चावता चावता थांबली, दोन बोटं ओठांशी नेली, आणि एक बारीक, लांब, पांढरा काटा अलगद ओढून ताटाच्या कडेला ठेवला.

आणि सखारामचं वेड बघा. भीती वाटायच्या आधी त्याच्या मनात आलं, किती नजाकतीने काढला!

४

शनिवारी प्रभावतीचं ताट गेलं.

हे ताट तिच्या वडिलांनी लग्नात दिलेलं. 'आयु. प्रभावती सखाराम सकपाळ, बुद्धपौर्णिमा १९८२.' त्रेचाळीस वर्षं ती त्याच्याशिवाय कशातच जेवली नव्हती. भांडी घासायला येणाऱ्या गोदाला तिने विचारलं, आणि जरा लागेल असंच विचारलं.

गोदा रडायला लागली. "वैनी, पंदरा वर्सं येत्येय मी तुमच्याकडे. चमचा तरी कमी झालाय कधी?"

"गोदाने नाय घेतलं," सखाराम आतून म्हणाला. "मला ठाऊक हाय कुठाय ते."

"कुठाय?"

ह्याचं उत्तर गोदासमोर देण्यासारखं नव्हतं. गोदा गेल्यावर त्याने बायकोला हॉलमध्ये बसवलं आणि प्रसंग लावला. टेबलाच्या टोकाला, सरदाराच्या मोकळ्या खुर्चीपुढे इतके दिवस काहीच मांडलेलं नसायचं. आता तिथे ताट होतं. स्टीलचं, काठाचं, एका बाजूला किंचित पोचा आलेलं. टेबलावरची माणसं पहिल्यापेक्षा भरलेली दिसत होती. गालांवर रंग होता. डचेसने मान वर केली, बघितलं, आणि दाराकडे वळलीच नाही. तिने हात उचलून, तळवा वर करून, त्या खुर्चीकडे दाखवला. मोठ्या घरची बाई पाहुण्याला बसायला सांगते तसा. त्या हातात जबरदस्ती नव्हती. नुसता आदर होता, आणि म्हणूनच सखारामच्या अंगावर सरसरून काटा आला.

बोलावल्यावर ती जेवून गेली होती. आता उलट बोलावणं आलं होतं. जेवण फेडायची रीत काय आपल्याकडेच आहे?

"दिसलं?" त्याने विचारलं.

प्रभावती घाबरेल, ओरडेल, टीव्ही बंद करा म्हणेल, असं त्याला वाटलं होतं. ती हसली. "किती छान मांडलंय! फक्त तो वाढपी डाव्या अंगाने येतो. मला उजवीकडून वाढलेलं बरं पडतं."

"कोण वाढपी? खुर्चीपाशी तर कोणच नाय."

"असतो की," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

त्या दुपारी तिने साध्या ताटलीत भात घेतला आणि तसाच ठेवला. "भूकच नाय वो," ती म्हणाली. "जेवून आल्यासारखं वाटतंय."

५

तीन दिवस प्रभावती जेवली नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर तपासली, सगळं ठीक म्हणाले आणि टॉनिक दिलं. ती हिंडत होती, फिरत होती, कुंडीतल्या अळूला पाणी घालत होती. फक्त बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, आणि दुपारी साडेबाराला ती जिथे असेल तिथे बसल्या बसल्या डोळे मिटायची. वीस मिनिटांनी उघडायची. सोमवारी तिच्या ब्लाउजच्या बाहीवर सखारामला मेणाचा थेंब सापडला. घरात मेणबत्ती नव्हती. दिवे जातात म्हणून प्रज्ञेशने इन्व्हर्टर बसवून दिलेला, त्याला चार वर्षं झाली होती.

त्याने डिस्क काढून खोक्यात घातली. खोकं कपाटात, कपाटाला कुलूप. प्लेअरची वायर काढली. मंगळवारी साडेबारा वाजता बंद टीव्हीपुढे तो बसून राहिला. बाहेर जेट्टीकडे एक होडी टुकटुक करत गेली. मग हॉलमध्ये, अगदी जवळ, सुरी ताटावर घासल्याचा आवाज आला. एकदा. आणि थोड्या वेळाने रेशीम सळसळलं.

शेजारी प्रभावती डोळे मिटून बसली होती, आणि तिचे ओठ हळूहळू हलत होते. बोलल्यासारखे नव्हे. घास फिरवल्यासारखे.

"प्रभा," त्याने तिचा हात धरला. "प्रभा गो."

हात उबदार होता. मेणबत्तीच्या जवळ धरल्यासारखा एका बाजूनेच उबदार. सखाराम आयुष्यात पहिल्यांदा इतका घाबरला. वीजघरात एकदा आग लागली होती तेव्हासुद्धा त्याने नोंदवहीत वेळ लिहिली होती. आता वेळ लिहायला नोंदवही नव्हती, आणि ही बाई त्याच्या हातात असून दर दुपारी थोडी थोडी निघून जात होती. तीही त्याच्याच तोंडच्या एका शब्दापायी.

मग त्याला आठवलं, आमंत्रणाचीही एक रीत असते. त्याच्या गावाला सावर्ड्याच्या बाजूला कुणाकडे जेवणावळ असली की घरटी एक माणूस जायचा. एकजण जेवून आला की घर जेवलं. यजमानाचा मान राहिला, आणि बाकीच्यांची सुटका झाली. घरातून कोण येणार हे यजमान ठरवत नसे. ते घर ठरवायचं.

६

बुधवारी त्याने स्वतःचं ताट काढलं. निवृत्तीच्या दिवशी पाळीतल्या सोबत्यांनी दिलेलं. 'श्री. सखाराम वाघू सकपाळ, पोफळी, २०१३.' चिंच लावून घासलं, लख्ख पुसलं. दाढी केली. लग्नाकार्याला घालायचा पांढरा सदरा घातला. त्या टेबलावर गबाळं जाऊन चालणार नव्हतं, एवढं कौतुक त्याला अजूनही होतं. मग कपाट उघडलं, वायर जोडली, आणि ताट टीपॉयवर पालथं न घालता उताणं मांडलं.

प्रभावती शेजारी येऊन बसली होती. साडेबारा झाले. तिचे डोळे मिटले.

प्रसंग सुरू झाला आणि सखाराम स्वतःला विसरून बघायला लागला. इतका सुंदर तो कधीच दिसला नव्हता. चादरीवरची घडी न् घडी, मेणाचा ओघळ, टेबलावरच्या एका म्हाताऱ्याच्या मानेवरची थरथरणारी शीर. बारावं मिनिट आलं. डचेसने नजर उचलली, हात उचलला.

सखाराम उभा राहिला. गुडघे त्या वेळी दुखले नाहीत.

"बाय," तो म्हणाला, "बोलावलं मी. तिने नाय. आमच्याकडे घरटी एक माणूस जातो. आमच्या घरातून मी हाय."

डचेस बघत राहिली. दोन श्वास झाले, चार झाले, त्याने मोजणं सोडून दिलं. मग तिने मान लववली. किंचितच, पण बरोबरीच्या माणसाला लववतात तशी. कुणीतरी दगडी फरशीवरून जड खुर्ची मागे ओढली. तो आवाज टीव्हीतून आला नाही.

७

"अवो, ताट सापडलं!"

गुरुवारी दुपारी प्रभावती स्वयंपाकघरातून ओरडली. मांडणीवर, जागच्या जागीच होतं. काठाला काहीतरी पांढरं चिकटलं होतं, ते ती नखाने खरवडत बाहेर आली. "गोदाला मी नको ते बोलले. उद्या तिला साडी देत्ये. आणि भूक म्हणजे काय लागलीय! बांगडे तळलेत. बसा तुम्ही, वाढत्ये. तुमचं ताट कुठे ठेवलंत?"

"असेल," सखाराम म्हणाला.

"असेल म्हणजे?"

"मला नको गो. भूक नाय." त्याने तिच्याकडे बघितलं. तिच्या बांगड्या पुन्हा मनगटावर होत्या. "जेवून आल्यासारखं वाटतंय."

ती काहीतरी पुटपुटली, दोन घास तरी खा म्हणाली, मग भुकेपुढे तिचं काही चालेना. तिने आपल्या ताटात भात घेतला, बांगडा घेतला, सोलकढीची वाटी भरली आणि हॉलमध्ये येऊन बसली. सवयीने तिनेच पडदे ओढले, सवयीने तिनेच प्रसंग लावला. साडेबारा झाले होते.

सखारामने डोळे मिटले होते की उघडे होते, हे त्याला सांगता आलं नसतं. पाठीला उंच, कोरीव लाकूड लागत होतं. उजव्या बाजूला रेशीम सळसळलं. डाव्या अंगाने कुणीतरी अदबीने वाकलं. टेबलावरच्या बायका-पुरुषांनी आपापल्या सुऱ्या उचलल्या, आणि इतक्या मेणबत्त्यांची ऊब एकदम तोंडावर आली. त्याला वाटलं, अडतीस वर्षं ज्या प्रसंगाची वाट बघितली त्याचा उजेड हा असा असतो तर!

मग डचेसने नजर उचलली, तशी त्यानेही उचलली. ती बघते तेव्हा तिला काय दिसतं, हे त्याला बघायचंच होतं.

एक छोटी, अंधारलेली खोली होती. ओढलेले पडदे, टीपॉय, दोन खुर्च्या. उजवीकडच्या खुर्चीत पांढऱ्या सदऱ्यातला कुणी म्हातारा मान खाली घालून बसला होता. डावीकडे प्रभावती जेवत होती. इतकी वर्षं तो तिच्या शेजारी बसून जेवला, पण तिला जेवताना अशी समोरून त्याने कधी बघितलीच नव्हती. ती भात कालवत होती, बोटं चाटत होती, बांगड्याचा काटा झटक्यात काढत होती. तिच्या गालांवर मेणबत्त्यांचा उजेड हलत होता. सखारामला ती फार सुंदर दिसली.

कुणीतरी बघतंय असं तिला जाणवलं असावं. घास हातात धरून तिने वर पाहिलं, सरळ त्याच्याकडे, आणि सवयीने म्हणाली, "या, जेवायला."

रीत त्याला ठाऊक होती.

"होऊ दे," सखाराम म्हणाला. "सावकाश होऊ दे तुझं."